वळलेल्या माना

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास माझ्या हेडफोनमध्ये एक बाई माझ्या आईच्या बोलीत रडायला लागली, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मला एखाद्या रडण्यासाठी इंग्रजी शब्द सापडेना. माझं कामच ते आहे. शहरात छावणीच्या बाजारात एका बेकरीच्या वर आमचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे. खाली पाव भाजतात आणि वर आम्ही नऊ जण परदेशी वाहिन्यांच्या फिल्मांना इंग्रजी कॅप्शन लावतो. पडद्यावरची माणसं जे बोलतात ते तर लिहायचंच, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बाकीचंही लिहायचं: दार आपटलं, कुत्रं भुंकलं, शेजारच्या खोलीत कोणीतरी रडलं. यातलं रडणं-ओरडणं बहुतेक माझ्याच वाट्याला येतं, कारण मला ते लवकर ओळखता येतं. ऑफिसातले मला पाठीमागे रडकी बाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात म्हणजे माझ्या कानावर हेडफोन असताना म्हणतात. बिरूद कष्टानं मिळवलेलं आहे, त्यामुळे मी ते मनाला लावून घेत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला रडण्यासाठी 'क्राय' हा एकच इंग्रजी शब्द होता आणि दहावीपर्यंत तेवढ्यावर आमचं भागलं. इथं आल्यावर कळलं की साहेबाच्या घरात प्रत्येक रडण्याला वेगळं ताट मांडलेलं आहे. सॉब म्हणजे हुंदका, पण खांदे हलवणारा. व्हिम्पर म्हणजे थंडीत कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू करतं ते. माणसानं केलं तर त्याची दया येते आणि थोडा रागही येतो. वीप म्हणजे आवाज न करता, शहाण्यासारखं रडणं. बॉल म्हणजे लहान पोराचं भोकाड. वेल म्हणजे उंच, लांब, दूरवर जाणारं. हाऊल म्हणजे ज्याला आपण हंबरडा म्हणतो त्याच्या आसपासचं काहीतरी. ओरडण्याचे वेगळे: श्रीक, स्क्रीम, येल, शाउट. आणि कॉल आउट म्हणजे साधी हाक. हे सगळे शब्द एका कागदावर छापून माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले आहेत आणि त्याच्या खाली लाल अक्षरांत नियम आहे: आवाजाचं वर्णन जास्तीत जास्त दोन शब्दांत. मला कधी दुसरा शब्दही लागला नाही. अर्धा सेकंद ऐकायचं, टाइप करायचं, पुढे जायचं. रोज तीसेक माणसं माझ्या कानात रडतात, आणि दुपारी मी खाली जाऊन गरम पाव घेऊन येते.

मंगळवारची फिल्म कापूस वेचणाऱ्या बायांवरची होती. कुणा परदेशी माणसानं आपल्याच भागात कुठंतरी चित्रित केलेली. पोपटी लुगड्यातली एक मध्यम वयाची बाई कच्च्या रस्त्यानं गावाकडे चालत येते, आणि पहिली घरं दिसली की चालता चालताच गळा काढते. माझ्या जोडीदारणी गं, कापसाच्या वळीत मला मागं ठिवून तू म्होरं कशी गेलीस गं. एवढं तिचं वाक्य मला स्पष्ट कळलं. मग पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं, आणि प्रत्येक वाक्याचं टोक हेल काढत वर नेलेलं. अडचण इथंच होती. नियमाप्रमाणे बोलणं संवादाच्या ओळीत जातं आणि रडणं आवाजाच्या ओळीत. ही बाई बोलत होती की रडत होती? आमच्याकडे मयताला जाणाऱ्या बाया दोन्ही एकदमच करतात. गेलेल्याला हाक मारतात, त्याच्याशी भांडतात, त्याचे उपकार सांगतात, आणि हे सगळं रडण्याच्या आतच. मी क्लिप परत लावली. परत लावली. अकराव्यांदा लावली तेव्हा पलीकडच्या टेबलावरून श्रेयानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. श्रेया आमच्यात सगळ्यात लहान, चोवीस वर्षांची, सिडकोत वाढलेली, इंग्रजी शाळेतली; मी लिहिलेलं शेवटी तीच तपासते. "संध्याताई, वेल्स टाका ना," ती म्हणाली, "इतना क्या सोचना?" मी म्हटलं, टाकते. आणि टाकलं नाही. खिडकीतून पावाचा वास येत होता. माझे हात कीबोर्डवर तसेच होते.

माझ्या आईचं नाव कडूबाई. तिच्या आधीची दोन भावंडं अंगावरच्या दुधातच गेली, म्हणून तिचं नाव असं ठेवलं की मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. मरणानं तिला अडुसष्ट वर्षं तोंड लावलं नाही, म्हणजे युक्ती बरी होती. सिल्लोडच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव लागतं. वडील मी सातवीत असतानाच गेले. मी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेला प्रणय आणि आई. प्रणय अडीच वर्षांचा असताना तापानं फणफणला आणि ताप उतरला तेव्हा त्याचे कान गेले होते. आईनं त्याला घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की याला आता ऐकू येणार नाही. आईनं ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, गावात परत आली आणि संध्याकाळी ओट्यावर उभं राहून त्याला रोजच्यासारखी हाळी दिली: ए पन्याऽऽ. पुढची पस्तीस वर्षं ती देत राहिली. शेतातून, विहिरीवरून, विहाराच्या पायरीवरून. शेजारची आवडाबाई तिची वेचणीतली जोडीदारीण, ती म्हणायची, "कडू, येडी झाली का तू? त्याला काय आयकू येतं व्हय?" आई म्हणायची, "त्याला नाय येत. तुम्हाला तर येतं ना."

आणि प्रणय यायचा. ही माझ्या लहानपणातली सगळ्यात मोठी जादू होती आणि ती मला फार उशिरा कळली. तो कुठंही खेळत असला तरी त्याचं एक लक्ष माणसांच्या मानांवर असे. आईनं हाळी दिली की पारावरची माणसं तिच्याकडे बघत, मग त्याच्याकडे बघत, कोणी हातानं खूण करी. नाहीतर नुसत्या माना वळत, आणि त्या ज्या दिशेला वळल्या त्या दिशेला आई आहे हे त्याला पक्कं ठाऊक असे. हाक त्याच्यापर्यंत अशी लोकांच्या मानांवरून चालत यायची. तो पुढे शहरातल्या मूकबधिरांच्या शाळेत शिकला, खुणांची भाषा शिकला, लिहायला शिकला, आता सिल्लोडला फ्लेक्स छापायच्या दुकानात काम करतो. पण आईसाठीची त्याची खूण शाळेतली नाही, घरातली आहे. उजवा हात डाव्या कमरेशी नेऊन पदर खोचल्यासारखा करायचा. तेवढं केलं की आई उभी राहते, कंबर कसलेली, कामाला निघालेली.

मी या कामात पडले तीही त्याच्यामुळेच. पहिली दोन वर्षं मी लिहिलेला प्रत्येक शब्द त्याला विचारत असे, कारण वाचणारा शेवटी त्याच्यासारखाच कोणीतरी असणार होता. व्हिडिओ कॉलवर तो विचारायचा, हा सॉब आणि हा व्हिम्पर, फरक काय? मग मी करून दाखवायची. सॉबला खांदे उडवायची, व्हिम्परला खालचा ओठ, स्क्रीमला मानेच्या शिरा. तो पोट धरून हसायचा. वेलला काय करावं मला सुचत नव्हतं. मी तोंड उघडून नुसती बसून राहिले तेव्हा त्यानं कमरेशी हात नेऊन पदर खोचला. म्हणजे आई हाळी देते तसं का? मी म्हटलं साधारण तसंच. पुढेही अधूनमधून हे चालू होतं, गेल्या वर्षीच्या कार्तिकापर्यंत. त्यानंतर त्यानं मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

गेल्या वर्षी वेचणी भरात असताना पहाटे सहाला त्याचा मेसेज आला. आई नाही. ये. एवढंच. माझे मिस्टर विश्वजीत, वाळूजला कंपनीत आहेत, त्यांनी गाडी काढली. काचा वर, एसी चालू. फुलंब्री मागे पडली तेव्हा ते म्हणाले, "रडून घे, मोकळी हो." भला माणूस आहे, मनापासूनच म्हणाला. मी म्हटलं, गावात गेल्यावर. कारण आमच्यात ते तसंच असतं. गावाच्या अलीकडे ओढा आहे. मयताला येणाऱ्या लेकीनं तिथं उतरायचं, पायी यायचं आणि ओढा ओलांडला की पहिली हाक घालायची. बाया ओढ्यापाशी उभ्याच असतात, पण लेकीच्या आधी कोणी तोंड उघडत नाही. पहिला हक्क तिचा. तिचा आवाज घरापर्यंत पोचला की मयताजवळ बसलेला भाऊ उठतो, वेशीपर्यंत येतो आणि बहिणीला हाताला धरून आत नेतो. कोणी लिहून ठेवलेलं नाही. भन्तेजी सांगतात की शोक आवरा, सगळं अनित्य आहे. लोक हात जोडून ऐकतात, पटतंही, आणि ओढ्यावरची हाक चालूच राहते. मी अशी हाक आत्याच्या वेळी ऐकली होती, आजीच्या वेळी ऐकली होती. म्हणून मी माझं रडणं गाडीत खर्च केलं नाही. सिल्लोडच्या रस्त्यानं पोटाशी धरून नेलं.

ओढ्याला पाणी नव्हतं. पलीकडे आवडाबाई आणि चार-पाच बाया पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वाळू ओलांडली. तोंड उघडलं. आणि आवाज यायच्या आधी शब्द आला. वेलिंग, दुरून. मी माझंच रडणं आधी ऐकून घेतलं. त्याची सुरुवात कशी होईल, ते किती सेकंद चालेल, कुठं तुटेल, आणि त्याला नावही देऊन टाकलं. नाव दिलं की माझं काम संपतं. घसा तिथंच मिटला. मी परत तोंड उघडलं, तर आता बाया वाट बघताहेत हे दिसलं, त्यांच्या पदरामागचे ओठ हलायला टेकलेले दिसले, आणि मला लाज वाटली. आई मेली होती आणि मला नाटकात पहिलं वाक्य विसरलेल्या नटीसारखी लाज वाटत होती. याचा मला अजून राग येतो. शेवटी मी मान खाली घालून चालायला लागले आणि त्या माझ्या मागून आल्या. मी हाक घातली नाही म्हणून त्यांनाही घालता येईना. ओढ्यापासून घरापर्यंत फक्त आमच्या चपला वाजत होत्या. आवडाबाई मागून, कोणालाच न सांगितल्यासारखं, म्हणाली, "लेक असून कडूबाई मुक्यानंच गेली." मुक्यानंच हा शब्द तिनं माझ्यासाठी वापरला होता, माझ्या भावासाठी नाही, आणि हे माझ्या बरोबर लक्षात आलं.

अंगणात पोचले तेव्हा प्रणय उंबऱ्यावर बसला होता. तो मला न्यायला आला नव्हता. मी अंगणात उभी राहिल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली आणि एखाद्या पाहुणीकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मनाशी म्हटलं, दहा वर्षं आईला त्यानं एकट्यानं सांभाळलं, त्याचा हिशोब आता तो मला दाखवतो आहे. बहीण वेशीवर आली तर उठून यायचं असतं एवढं त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मीही मग त्याच्या जवळ गेले नाही, आईच्या पायांशी बसले. आईच्या अंगठ्याच्या भेगेत कापसाचा एक तंतू अडकलेला होता. तो मी काढला आणि मुठीत धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी सगळं आवरल्यावर त्यानं मला विचारलं. हात तोंडाशी नेऊन पुढे सोडला, म्हणजे हाक. मग माझ्याकडे बोट. तू मारलीस का? मी मान हलवली. हो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी खोटं बोलणं फार सोपं असतं, आणि त्यातलं वाईट तेच आहे. तो उठला. झोळी कमरेला बांधून राहिलेला कापूस वेचायला गेला.

तर मंगळवारी त्या शब्दाची जागा मी रिकामी ठेवली आणि साडेसहाला ऑफिसच्या जिन्यात उभं राहून प्रणयला व्हिडिओ कॉल लावला. तो दुकान आवरत होता, बोटांना शाई होती. वर्षभरात आम्ही बोलत नव्हतो असं नाही. तब्येत, लाइटचं बिल, रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन आहे तर भन्तेजींना किती वाजता बोलवायचं, असं बोलत होतो. त्या दिवशी मी म्हटलं, एक बघ. फिल्म नियमाप्रमाणे अजून बाहेर दाखवायची नसते, पण मी ती क्लिप त्याला पाठवली. हिला काय लिहू? त्यानं ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली आणि फोनचा कॅमेरा तिकडे वळवला. परत लावली. तिसऱ्यांदा बघताना त्यानं हातानं थांबवलं आणि बोट पडद्याच्या कोपऱ्यात टेकवलं. बाईवर नाही, तिच्या मागे. मी ते अकरा वेळा ऐकलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. हापश्यावर एक मुलगी घागर भरत होती, तिची मान वळली. मग विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याची. मग सायकलवरच्या माणसानं एक पाय खाली टेकला. मग पार शेवटच्या घराच्या दारात, ठिपक्याएवढी एक बाई बाहेर आली. प्रणयनं एकामागून एक बोट ठेवलं: जवळची आधी, मग लांबची, मग त्याहून लांबची. मोठी आहे, तो म्हणाला. शेवटच्या घरापर्यंत गेली.

मग त्यानं फोन परत स्वतःकडे वळवला, शाई पुसली, आणि हात वर घेतले. तू मारली नव्हतीस.

मला वाटलं आवडाबाईनं सांगितलं असेल. तसं विचारलंही. तो नाही म्हणाला. म्हणाला, मी उंबऱ्यावर होतो. आईजवळून उठू नको, संध्यानं हाक घातली की ऊठ, तिला घेऊन ये, असं आवडाकाकूनं मला सांगून ठेवलं होतं. मी माणसांकडे बघत बसलो होतो. गावातला सांडूमामा लाकडं उतरवत होता, त्याची मान बघत होतो. ओट्यावरच्या बायांच्या बघत होतो. एका तासात कोणाचीच वळली नाही. मग एकदम तू अंगणात. मला वाटलं, मी न्यायला यावं असं तुला वाटत नव्हतं. हे सगळं त्यानं हळूहळू, सुटं सुटं सांगितलं, मला समजावं म्हणून नव्हे तर त्याला ते वर्षभर पाठ झालेलं होतं म्हणून. शेवटी म्हणाला, त्याचं काही नाही. पण तिसऱ्या दिवशी तू हो म्हणालीस.

जिन्यातून माणसं वर-खाली जात होती, पावाचे ट्रे घेऊन. मी भिंतीकडे तोंड केलं. बहिणीनं हाक घातली नाही म्हणून भाऊ उठला नाही, आणि भाऊ उठला नाही म्हणून बहीण वर्षभर रुसून बसली. दोघंही वाट बघत होतो आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याला आपण नकोसे झालो. आणि त्याला सगळं ठाऊक होतं. ज्याच्याशी खोटं बोलणं सोपं म्हणून मी बोलले, त्यानंच ते पहिल्या क्षणाला पकडलं होतं आणि सांभाळून ठेवलं होतं, माझी लाज झाकावी म्हणून. मी त्याला हातानं सांगायचा प्रयत्न केला की मला आवाज आला नाही, तोंड उघडलं आणि त्या जागी शब्द आला, इंग्रजी शब्द, कागदावरचा. ते खुणांत सांगता येईना. कोणत्याच भाषेत ते शहाण्या माणसाचं बोलणं वाटलं नसतं. तो बघत राहिला. माझे खांदे उडायला लागले तेव्हा त्यानं भुवया वर केल्या आणि बोटांनी एकेक इंग्रजी अक्षर काढलं: एस, ओ, बी. मी रडता रडता हसले. मग तो म्हणाला, रविवारी ये. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रिकाम्या जागेत इंग्रजीत लिहिलं की ती रडत रडत आपल्या जोडीदारणीला हाक मारते आणि गाव वळून बघतं. दोन शब्दांच्या जागी एक अख्खी ओळ. श्रेया माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "ताई, नियम," ती म्हणाली. मग ओळ परत वाचून, "आणि गाव वळून बघतं हा आवाज आहे का?" मी म्हटलं, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तोच आवाज आहे. तिनं क्लिप परत लावली, आवाज बंद करून. शेवटच्या घराच्या दारातली बाई बाहेर येईपर्यंत बघितली. "राहू द्या," ती म्हणाली, "कापलं तर वाहिनीवाले कापतील." आणि आपल्या टेबलावर गेली.

रविवारी मी एकटीच आले. विश्वजीत जेवणाच्या वेळेला येणार होते. मी त्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी कारण विचारलं नाही. फाट्यावर बसमधून उतरले तर प्रणय उभा होता. त्यानं माझ्या हातातली मेणबत्त्यांची आणि फुलांची पिशवी घेतली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे चालायला लागला. तो नेहमीच पुढे चालतो. त्याच्या पाठीशी बोलून उपयोग नसतो हे माहीत असल्यामुळे मीही मागून काही बोलत नाही, आणि आमचं एकत्र चालणं लहानपणापासून असं मुकाट असतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मका काढून झाला होता. मी काहीही ठरवलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर ठरवलं होतं आणि बसमध्येच रद्द केलं होतं. एक वर्ष उलटून गेल्यावर कोण रडतं? लोक म्हणतील, शहरातून आली, उशिरा सुचलं हिला. लोकांचं म्हणणंही बरोबरच असेल.

ओढा आला. प्रणय वाळू ओलांडून पलीकडे गेला आणि चढ चढायला लागला. मी मधेच थांबले. पलीकडे पहिलं घर आवडाबाईचं. ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिच्या पुढे सांडूमामा म्हशीला पाणी दाखवत होता. आणखी वर नळाला दोन बाया. सगळे आपापल्या कामात, कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि शब्द आलाच, ठरल्यासारखा, वेलिंग. मी त्याला येऊ दिलं. येऊन तो तिथं उभा राहिला, आणि त्याच्या मागून, त्याला कोपरानं बाजूला सारून, दुसरंच काहीतरी वर आलं. "माय," मी म्हटलं. फार लहान आवाज होता, मलाच जेमतेम ऐकू आला. मग परत म्हटलं, "ए मायऽऽ," आणि तो आवाज घोगरा, फाटलेला, माझ्या ओळखीचा नसलेला निघाला. माय गं, मी आले गं माय, तुझी संध्या आली, कापसाचे दिवस आले न् तू वावरात नाय गं, मला उशीर झाला गं माय, तुझ्या पन्याला मी लबाड बोलले गं. काय काय म्हणत होते मला कळत नव्हतं. किती सेकंद, माहीत नाही. कुठं तुटलं, माहीत नाही.

आवडाबाईचं सूप थांबलं. तिची मान वळली. मग सांडूमामाची. मग नळावरच्या एकीची, मग दुसरीची, आणि वर विहाराच्या पायरीवर चटया झटकणारं कोणीतरी थांबलं आणि कपाळावर हात धरून ओढ्याकडे बघायला लागलं. आवडाबाई सूप खाली ठेवून उठली. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथूनच, ओट्यावरूनच, माझ्या आवाजाखाली आपला आवाज घातला, "कडू गं, आली गं तुझी लेक, लई वाट बघायला लावली गं हिनं."

चढावर प्रणय चालत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मग त्याची चाल मंदावली. त्यानं आवडाबाईकडे पाहिलं, सांडूमामाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, वर विहाराकडे पाहिलं. सगळी माणसं त्याच्या खांद्यावरून पलीकडे, एकाच ठिकाणी बघत होती. तो क्षणभर तसाच उभा राहिला, पाठमोरा, आणि मग वळला. हात तोंडाशी नेऊन त्यानं पुढे सोडला, आणि भुवया वर केल्या. कुणाला?

मी उजवा हात डाव्या कमरेशी नेला आणि पदर खोचला. त्यानं पिशवी तिथंच रस्त्यात ठेवली आणि मला न्यायला ओढ्याकडे परत निघाला.